उरलेले तेल

त्रिपुरी पौर्णिमेची रात्र ओसरून पहाट झाली, की काशीच्या पंचगंगा घाटावर कार्तिकस्नानाला उतरणाऱ्यांना पायऱ्यांवरून जपून पावले टाकावी लागतात. आदल्या रात्रीच्या पणत्या अजून तिथेच असतात. वाती करपलेल्या, कडा काजळीने काळ्या झालेल्या. आणि पुष्कळ पणत्यांच्या तळाशी थोडे तेल उरलेले असते, कुठे बोटभर, कुठे चमचाभर. वात पुरी जळाली आणि तेल मागे राहिले, हा दीपोत्सवातला नेहमीचाच हिशेब आहे.

गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच प्रवाहांचा संगम येथे मानला जातो, म्हणून घाटाचे नाव पंचगंगा. प्रत्यक्ष डोळ्यांना गंगा तेवढी दिसते. घाटावर लाल दगडाचा एक दीपस्तंभ आहे. एक हजार एक दिव्यांची सोय असलेल्या या स्तंभाला ‘हजारा’ म्हणतात आणि तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला असे सांगतात. महाराष्ट्रातल्या कोणत्याही देवळापुढच्या दीपमाळेशी परिचय असलेल्या माणसाला त्याची ओळख करून द्यावी लागत नाही. जवळच्या बिंदुमाधवाच्या देवळाशी औंधच्या पंतप्रतिनिधींचे नाव जोडलेले आहे, आणि ब्रह्माघाट, दुर्गाघाट या शेजारच्या वस्तीत मराठी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली आहेत. आज लाखो दिव्यांनी साजरी होणारी देवदिवाळी १९८०च्या दशकाच्या मध्यात याच घाटावरून पुन्हा सुरू झाली असे मानतात. त्याआधीही कार्तिक महिनाभर बांबूच्या शेंड्यावर वेताच्या टोपलीतून आकाशदीप चढवण्याची रीत येथे होतीच.

या दिव्यांत काय जळते? उत्तर सोपे वाटते आणि तिथेच भाषा पहिली गंमत करते. काशीच्या बाजारात ‘कडवा तेल’ म्हटले की मोहरीचे तेल मिळते. त्यात भाजी फोडणीला पडते, लोणचे मुरते, तान्ह्या बाळाचे अंग चोळले जाते. कोकणात ‘कडू तेल’ म्हणजे उंडीचे किंवा करंजाचे तेल. ते दिव्यात घालावे, लाकडाला लावावे, पण तोंडात घालू नये. शब्द जवळजवळ एकच, आणि एका गावचे अन्न ते दुसऱ्या गावचे केवळ इंधन. रसायनशास्त्राकडे पाहिले तर हा गोंधळ अधिकच वाढतो, कारण दोन्ही तेलांचा बहुतांश भाग एकाच घडणीच्या रेणूंचा असतो. मोहरीचा झणका वेगळ्याच, गंधकयुक्त पदार्थांचा असतो. करंजातला कडवटपणा आणि विषारीपणाही तेलाबरोबर आलेल्या परक्या पाहुण्यांचा. निव्वळ तेलाला जवळजवळ चवच नसते.

त्या रेणूची घडण १८२३ पर्यंत मिशेल शेव्ररल या फ्रेंच रसायनज्ञाने उलगडून दाखवली होती. चरबीवर अल्काची क्रिया करून साबण बनवताना तिचे दोन भाग होतात : एक गोडसर, पाण्यात मिसळणारे ग्लिसरॉल, आणि दुसरी मेदाम्ले. पुढे कळले ते असे, की ग्लिसरॉलच्या तीन कार्बनांवर तीन मेदाम्ले टांगलेली असतात. यालाच ट्रायग्लिसराइड म्हणतात. मेदाम्ल म्हणजे कार्बन अणूंची एक लांब साखळी, तिच्या अंगाखांद्यावर हायड्रोजन. साखळीत सगळे बंध एकेरी असतील तर ती सरळ राहते आणि शेजारणींना चिकटून बसते. अशा साखळ्यांचे तूप थिजते. मध्ये एखादा दुहेरी बंध आला की साखळीला बाक येतो, बाक आलेल्या साखळ्या एकमेकींशी नीट बसत नाहीत आणि पदार्थ पातळ राहतो. कोकणातून कोणी खोबरेल घेऊन कार्तिकात काशीला आला, तर सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडणार नाही. त्याच गारठ्यात मोहरीचे तेल मात्र वाहते राहते. घाटावरच्या दिव्यांना ही सोय रसायनाने करून दिलेली आहे.

अर्थात मोहरीने हे तेल दिव्यासाठी साठवलेले नसते. बीजाच्या पेशींत ते अतिसूक्ष्म थेंबांच्या रूपात, पातळ आवरणात गुंडाळून ठेवलेले असते. मातीखाली, उजेड पोहोचण्यापूर्वी, कोंबाला जे काही उभारायचे आहे त्याची ती शिदोरी. कोंब त्या तेलाचे रूपांतर साखरेत करू शकतो. माणसाला ती किमया साधत नाही, मेदाम्लांपासून साखर बनवण्याची वाट प्राण्यांच्या शरीरात बंद आहे. म्हणजे घाण्यात गेलेली प्रत्येक मोहरी ही एका न उगवलेल्या रोपाची शिदोरी असते, ती दिव्यात गेली काय किंवा कढईत गेली काय.

आता थोडा हिशेब. एका पणतीत वीस ग्रॅम तेल धरले आणि ते तीन तासांत संपले असे मानले, तर ग्रॅमला नऊ किलोकॅलरी या दराने त्यातून १८० किलोकॅलरी उष्णता निघते. म्हणजे तीन तास सुमारे सत्तर वॅट. शांत झोपलेल्या प्रौढ माणसाचे शरीरही साधारण तेवढीच उष्णता बाहेर टाकत असते. दिव्याची उपमा माणसाला फार जुन्या काळापासून दिली जाते, पण आकडाही इतका जुळावा याचे नवल वाटते. अहिल्याबाई महेश्वराहून राज्यकारभार पाहत होत्या त्याच सुमारास, १७८३ मध्ये, पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी एका गिनीपिगला बर्फाच्या भांड्यात ठेवून त्याच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो ते मोजले आणि श्वसन म्हणजे मंद ज्वलन होय, असा निष्कर्ष काढला. मेणबत्ती आणि प्राणी एकच काम करतात : प्राणवायू घेतात, कार्बन जाळतात.

मग फरक कुठे? पणतीत वात असते. तेलाला थेट काडी लावली तर ते पेटत नाही. वातीने ते वर खेचावे लागते, तापून त्याची वाफ व्हावी लागते आणि मग एकाच दमात सारे संपते, ज्योत होते. शरीरात ज्योत परवडणारी नाही. तिथे मेदाम्लाची साखळी दोन-दोन कार्बनांचे तुकडे करत तोडली जाते (फ्रान्झ क्नूप याने १९०४ मध्ये हे दाखवले), आणि त्या तुकड्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन एका पायरीवरून खालच्या पायरीवर उतरवले जातात. प्रत्येक पायरीवर थोडी ऊर्जा. घाटच म्हणायचा तो. फक्त तो दगडाचा नसून त्याचा पायाही मेदाचाच असतो, आणि ही गोष्ट समजायला पणतीतून पाण्यात सांडलेल्या एका थेंबाकडे पाहावे लागते.

द्रोणातला दिवा गंगेत सोडताना तेलाचा थेंब सांडला तर तो क्षणात पसरतो. इंद्रधनुष्याचे रंग दिसतात, मग तेही विरतात आणि पाणी तेवढ्यापुरते गुळगुळीत होते. बेंजामिन फ्रँकलिन याने लंडनजवळच्या क्लॅपहॅम येथील तळ्यात चमचाभर तेल ओतून हेच पाहिले आणि १७७४ मध्ये प्रसिद्ध केले : चमचाभर तेलाने अर्ध्या एकराइतके पाणी शांत केले. चमचा आणि अर्धा एकर यांचा भागाकार केला तर थराची जाडी एका-दोन नॅनोमीटरच्या घरात येते, म्हणजे एका रेणूची. फ्रँकलिनने तो भागाकार केला नाही. पुढे जर्मनीत आग्नेस पॉकेल्स नावाच्या तरुणीने, महाविद्यालयाची पायरी न चढता, घरच्या घरी पत्र्याच्या एका उथळ पात्रात अशा थरांची मोजमापे घेतली. लॉर्ड रॅले यांनी तिचे पत्र १८९१ मध्ये ‘नेचर’मध्ये छापवून आणले. आधुनिक पृष्ठविज्ञानातले मुख्य उपकरण तिच्या त्या पात्रावरून आले आहे.

अशाच पात्रावर १९२५ मध्ये लायडनच्या एव्हर्ट गॉर्टर आणि फ्रान्स्वा ग्रेंडेल यांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पसरवला. गॉर्टर हे व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ. पेशींचे एकूण क्षेत्रफळ काढले, मेदाच्या थराचे मोजले, तर दुसरे पहिल्याच्या दुप्पट निघाले. म्हणजे प्रत्येक पेशीभोवती मेदाचे दोन पदर आहेत. त्यांच्या प्रयोगात दोन चुका होत्या. मेद पुरता निघाला नव्हता आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते. दोन्ही चुकांनी एकमेकींना खोडून काढले आणि उत्तर बरोबर आले. विज्ञानात असे दैव क्वचितच भेटते.

हे पदर पणतीतल्या तेलाचे नसतात. त्यांच्या रेणूत तीनऐवजी दोनच मेदाम्ले असतात आणि तिसऱ्या जागी फॉस्फेटचे डोके. डोक्याला पाणी हवे असते, शेपट्यांना पाणी नकोसे असते. पाण्यात असे रेणू पुरेसे जमले की ते कोणी न सांगता शेपट्या आत आणि डोकी बाहेर अशा दोन रांगांत उभे राहतात. ‘आतले’ आणि ‘बाहेरचे’ हा भेद जीवसृष्टीत इथे सुरू होतो. पाच नॅनोमीटरच्या आसपास जाडीची ही भिंत वाहतीही असावी लागते. गंगेतला मासा उन्हाळ्यात आणि पौषात वेगवेगळ्या तापमानाच्या पाण्यात राहतो. थंडी वाढली की तो आपल्या पेशींच्या पदरांत बाक आलेल्या साखळ्यांचे प्रमाण वाढवतो, म्हणजे भिंत खोबरेलासारखी थिजत नाही.

मेदाच्या ज्वलनाच्या पायऱ्या पेशीच्या आतल्या अशाच एका भिंतीत, मायटोकॉन्ड्रियाच्या अंतर्पटलात, बसवलेल्या आहेत. तिथे इलेक्ट्रॉन पोहोचवणारे एक लहानसे प्रथिन आहे, सायटोक्रोम सी. प्राण्यांत ते ठाऊक होते. वनस्पतींतही ते आहे हे बटाट्यावर काम करताना दाखवले ते कमला भागवत यांनी, केंब्रिजमध्ये. अहिल्याबाईंच्या होळकर घराण्याची राजधानी असलेल्या इंदूर नगरात त्यांचा जन्म झाला. स्त्री म्हणून बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मिळावा यासाठी त्यांना १९३३ मध्ये थेट सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याशी सत्याग्रही हट्ट धरावा लागला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट, तीही अवघ्या चाळीस पानांच्या प्रबंधावर. परतल्यावर कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा, पुढे मुंबईची विज्ञान संस्था, आणि नीरा, ताडगूळ, कडधान्ये अशा गरिबांच्या आहारावरचे दीर्घ काम. कमला सोहोनी या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो, किंवा ओळखायला हवा.

त्यांनी शोधलेले ते प्रथिन अंतर्पटलाला ज्या मेदाच्या आधाराने बिलगून असते त्याचे नाव कार्डिओलिपिन. दोन नव्हे, चार शेपट्यांचा हा विलक्षण मेद १९४२ मध्ये मेरी पँगबॉर्न यांनी बैलाच्या हृदयातून वेगळा केला. कार्डिओलिपिनवरची पकड सुटून सायटोक्रोम सी बाहेर पडले, तर पेशी स्वतःच्या मृत्यूची तयारी सुरू करते. दिवा पेटता ठेवणारे आणि विझवण्याची आज्ञा देणारे प्रथिन एकच, आणि ते कुठे बसले आहे यावर सारे अवलंबून.

आता पुन्हा पहाटेच्या घाटावर, चमचाभर उरलेल्या तेलाकडे.

अयोध्येतल्या २०२३ च्या दीपोत्सवानंतर पणत्यांतले तेल भांड्यांत ओतून घेणाऱ्या मुलांची चित्रफीत देशभर पाहिली गेली. ती पाहून कोणी हळहळले, कोणी संतापले, कोणी राजकारण केले. दिवे लावू नयेत इथपर्यंत काहींचा सूर गेला. तो सूर हिशेबात टिकत नाही. वीस ग्रॅमच्या दराने हजाऱ्याच्या एक हजार एक दिव्यांना वीस किलो तेल लागेल. भारतातला दरडोई खाद्यतेलाचा वार्षिक वापर सुमारे १९ ते २० किलो आहे. एका माणसाचे वर्षभराचे तेल म्हणजे हजाऱ्याची एक रात्र. दहा किलो चरबी अंगावर वागवणारा एक सामान्य गृहस्थ पाचशे पणत्यांचे तेल घेऊन घाटावर फिरत असतो, आणि असे दोघे भेटले की हजारा पुरा होतो. टंचाई दिव्यांमुळे झालेली नाही. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो, आणि त्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये १०,१०३ कोटी रुपयांचे तेलबिया अभियानही मंजूर झाले. पण वीस किलो ही सरासरी आहे. सरासरीत कोणाच्या ताटात तेल तरंगते आणि कोणाच्या कढईला ते पुसण्यापुरते लागते, ते दिसत नाही.

त्या मुलांच्या बाटलीविषयी खरी काळजी वेगळीच वाटायला हवी. पूजेचे म्हणून विकल्या जाणाऱ्या तेलाच्या बाटलीवर ते खाण्यासाठी नसल्याचे बारीक अक्षरांत छापलेले असते. पणतीत ओतल्यावर बाटली मागे राहते आणि सूचनाही. घाटावरचे तेल कोकणच्या अर्थाने कडू की काशीच्या अर्थाने, हे पाहून कळत नाही. मोहरीच्या शेतात वाढणाऱ्या पिवळ्या धोत्र्याचे बी मोहरीसारखेच दिसते. त्याचे तेल मिसळले की सँग्विनरीन हे विष पोटात जाते, पाय सुजतात, हृदय थकते. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीने साठहून अधिक माणसे दगावली होती.

आणि तरी तेल त्या मुलाला हवेच आहे. मेंदूच्या कोरड्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग मेदाचा असतो, मज्जातंतूंवरचे वेष्टण मेदाचे असते. दोन मेदाम्ले तर शरीराला बनवताच येत नाहीत, ती अन्नातूनच यावी लागतात. जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर यांनी १९२९ मध्ये मेदरहित आहारावर ठेवलेल्या उंदरांत हे दाखवले. चांगल्या मोहरीच्या तेलात ती दोन्ही असतात. पालकाच्या भाजीतले अ जीवनसत्त्वाचे घटक तेलाच्या सोबतीशिवाय आतड्यातून आत शिरत नाहीत. भारतात १९७० पासून बालकांना अंधत्वापासून वाचवण्यासाठी या जीवनसत्त्वाची मात्रा देतात. तीही तेलकट द्रावणात, चमच्याने. त्या मुलाच्या नशिबी दोन चमचे येतात. एकावर आरोग्यसेविकेची नोंद असते, दुसऱ्यात काजळी तरंगत असते.

तेल जे धरते ते सहजासहजी सोडत नाही. याच नदीत राहणारा डॉल्फिन, २००९ साली राष्ट्रीय जलचर ठरलेला. मार्च २०२५ मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या गणनेत नदीतल्या डॉल्फिनांची संख्या ६,३२७ आली. त्यांच्या चरबीचे तेल पूर्वी दिव्यात जाई, नंतर मासे पकडण्याचे आमिष म्हणून वापरले गेले. पाटण्याचे रवींद्रकुमार सिन्हा यांनी माशांच्या टाकाऊ भागांपासून काढलेले तेल त्याऐवजी चालते हे दाखवून दिले. त्या चरबीच्या तपासणीत डीडीटीही सापडले. पाण्यात ते न विरघळण्याइतके नगण्य, मेदात मात्र वर्षानुवर्षे साचत गेलेले.

हडप्पा संस्कृतीच्या मडक्यांच्या खापरांत चार हजार वर्षांपूर्वीचा स्निग्धांश शिल्लक असतो. अक्षयेता सूर्यनारायण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरयाणा आणि उत्तर प्रदेशातल्या स्थळांवरच्या खापरांतून तो काढला आणि २०२० च्या अखेरीस प्रसिद्ध केला. त्या मडक्यांत कोणाच्या चरबीचे अन्न शिजले, ते त्यातल्या मेदाम्लांच्या कार्बनावरून ओळखता आले.

पंचगंगा घाटावर सूर्य वर आला की झाडू फिरतो, पणत्यांचे ढीग होतात, पायऱ्यांवर पाणी ओतले जाते. दिव्यांच्या जागांतला थर मात्र तसाच राहतो. बाक आलेल्या साखळ्या हवेतल्या प्राणवायूने एकमेकींत गुंतल्या की तेलाचा चिकट, तपकिरी लेप होतो आणि दगड तो शोषून घेतो. पाण्याने तो निघत नाही. पुढच्या कार्तिकात त्यावरच नवे तेल पडते.